करार भिंतींचा, भांडण गादीचं

मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही फर्निश्ड फ्लॅटचा लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा करार, उघडून पाहा. इमारतीचं नाव, मजला, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ, दोन्ही बाजूंचे आधार-पॅन, भाडं, डिपॉझिट, नोटीस, लॉक-इन, सगळं नेमकं लिहिलेलं असतं. मग शेवटाकडे एक ओळ येते: पंखे ५, ट्यूब ६, एसी २, गिझर २, डबल बेड २, सोफा १, फ्रिज १, वॉशिंग मशीन १. संपलं. फ्रिज कुठल्या कंपनीचा, किती वर्षांचा, दाराचं रबर धड आहे की नाही, सोफ्याचं कापड आधीच विरलं आहे का, यातलं काहीच नाही. आणि घर सोडताना वाद पेटतो तो नेमका याच ओळीवरून. फ्लॅटचं क्षेत्रफळ किती होतं यावरून कुणाचं डिपॉझिट अडकल्याचं ऐकिवात नाही.

फर्निश्ड फ्लॅट भाड्याने घेताना एका सहीत दोन व्यवहार होतात, एक जागेचा आणि दुसरा वस्तूंचा. पहिल्या व्यवहाराला कायदा आहे, नोंदणी आहे, मुद्रांक शुल्क आहे, दाद मागायला प्राधिकारी आहे. दुसरा बेवारस आहे. भाडं मात्र दोन्हींचं घेतलं जातं आणि डिपॉझिटही दोन्हींसाठी अडवलं जातं. म्हणून वस्तूंची यादी त्यांची स्थिती, वय आणि किंमत यांसकट नोंदणीचा सक्तीचा भाग व्हायला हवी, आणि डिपॉझिटच्या वादाला तितकीच जलद दाद मिळायला हवी जितकी आज जागा परत मागणाऱ्या मालकाच्या अर्जाला मिळते. मालकांना हे भाडेकरूंच्या बाजूचं वाटेल. पुढे येईलच, पण फायदा मालकांचाही तितकाच आहे.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू, कारण त्याबद्दल गैरसमज फार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याचं कलम ५५ सांगतं की भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांचा असला तरी हवा. ‘अकरा महिने म्हणजे नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे’ हे इतर राज्यांतलं शहाणपण इथे चालत नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. इतकी कडक तरतूद असूनही नोटरीच्या कागदावर फ्लॅट देणारे मालक पावलोपावली भेटतात. तीन-चार हजार वाचवण्यासाठी आपण केवढा धोका पत्करतो, हे त्यांना एजंट सांगत नाही.

खर्च खरोखर तेवढाच असतो. महिना ४०,००० भाडं, १,५०,००० परत मिळणारं डिपॉझिट, मुदत २४ महिने. एकूण भाडं ९,६०,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने मानीव व्याज धरायचं, दोन वर्षांचं ३०,०००. बेरीज ९,९०,०००, तिच्या ०.२५ टक्के म्हणजे २,४७५ रुपये मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची फी. डिपॉझिटवरच्या काल्पनिक व्याजापर्यंत हिशोब करणाऱ्या सरकारला त्याच डिपॉझिटच्या जिवावर दिलेला सोफा कसा होता, हे विचारायचं मात्र सुचत नाही.

आता त्या एका ओळीतली खरी मेख. बहुतेक छापील मसुद्यांत एक वाक्य असतं: सदर वस्तू चालू व सुस्थितीत मिळाल्या असून त्या तशाच स्थितीत परत करण्याची जबाबदारी लायसन्सीची राहील. हे वाक्य भाडेकरू कधी मान्य करतो? अंगठा देताना. आणि अंगठा बहुतेक वेळा किल्ली हातात येण्याच्या आठवडाभर आधीच दिलेला असतो. फ्लॅट पाहिला तेव्हा जुना भाडेकरू राहत होता, त्याच्या पसाऱ्यात गादीचा कोपरा उचलून पाहणं शोभलं नसतं, एसी लावून पंधरा मिनिटं बसणं तर दूरच. म्हणजे न पाहिलेल्या वस्तू उत्तम असल्याची कबुली माणूस नोंदणीकृत दस्तात देऊन बसतो. त्याच १९९९ च्या कायद्यातल्या कलम २४ च्या स्पष्टीकरणात तर लेखी करार हा त्यात नमूद गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला आहे. ते स्पष्टीकरण ताब्याच्या दाव्यापुरतं असलं, तरी सही केलेलं वाक्य कुठेही नाकारणं जडच जातं.

शिवाय ‘फर्निश्ड’ म्हणजे काय, हे आपल्याकडे कुठेच ठरलेलं नाही. व्यवहारात सेमी-फर्निश्ड म्हणजे किचन ट्रॉली, कपाटं, पंखे, दिवे, गिझर. फुल्ली म्हणजे त्यावर बेड, गाद्या, सोफा, एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन. पण एका जाहिरातीतलं ‘फुल्ली’ दुसरीत ‘सेमी’ असतं आणि तिसरीत गादीविना बेड असतो. फ्रान्समध्ये हा घोळ कायद्यानेच संपवला. तिथे ३१ जुलै २०१५ च्या आदेशात फर्निश्ड घरात किमान काय हवं याची अकरा कलमी यादीच आहे: रजईसकट अंथरूण, झोपायच्या खोलीच्या खिडकीला अंधार करणारा पडदा, शेगडी, ओव्हन किंवा मायक्रोवेव्ह, फ्रिज-फ्रीझर, पुरेशी ताटं-वाट्या, स्वयंपाकाची भांडी, टेबल-खुर्च्या, सामान ठेवायच्या फळ्या, दिवे, आणि त्या घराला साजेसं साफसफाईचं सामान. हो, झाडूसुद्धा. डिपॉझिट बिनफर्निचरच्या घराला एक महिन्याचं, फर्निश्डला दोन महिन्यांचं, त्यावर नाही. किल्ली देताना आणि घेताना दोघांनी मिळून घराचा स्थितिपंचनामा करायचा. सोडताना पंचनामा जुळला तर महिन्याभरात पैसे परत, नाही जुळला तर दोन महिन्यांत. उशीर झाल्यास सुरू झालेल्या प्रत्येक महिन्यामागे भाड्याच्या दहा टक्के जादा. पॅरिसमधले मालक काही धर्मादाय संस्था चालवत नाहीत. नियम स्पष्ट असले की धंदाही सुरळीत चालतो, एवढंच.

त्या कायद्यातली एक बारीक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. आत शिरल्यापासून दहा दिवसांत भाडेकरू पंचनाम्यात दुरुस्ती मागू शकतो. पण हीटिंगपुरती त्याला घर गरम करण्याच्या हंगामाचा पहिला महिना मिळतो. कारण ऑगस्टमध्ये राहायला आलेल्याला हीटर नादुरुस्त आहे हे थंडी पडल्याशिवाय कळणार कसं? आपल्याकडे याच न्यायाने पावसाळ्याचा पहिला महिना मोकळा हवा.

कारण मुंबईत फर्निचरचा पहिला वैरी भाडेकरू नसून ओल आहे. दक्षिण-पश्चिमेकडे तोंड केलेली बाहेरची भिंत, तिला चिकटून मालकाने करून घेतलेलं जमिनीपासून छतापर्यंतचं वॉर्डरोब. मागे हवा खेळायला बोटभर जागा नाही. जानेवारीत पाहिलं तर घर चकाचक, आतून नवं लॅमिनेट. जूनच्या अखेरीस बाहेरच्या प्लास्टरच्या भेगेतून पाणी झिरपायला लागतं, भिंत ओल धरते, वॉर्डरोबची मागची पातळ प्लाय फुगते, मग हिरवट-काळी बुरशी, मग कपड्यांना कुबट वास. ऑगस्टपर्यंत तळाची पट्टी हाताने दाबली तर भुसा हाती येतो. दोष कोणाचा? इमारतीच्या बाहेरच्या भिंतीचा, म्हणजे सोसायटीचा आणि मालकाचा. घर सोडताना मात्र मालक म्हणतो, आम्ही दिलं तेव्हा असं नव्हतं. आणि तो खोटं बोलत नसतो. जानेवारीतले फोटो त्याच्याच बाजूने साक्ष देतात. म्हणून पावसाळ्याच्या पहिल्या महिन्यात बाहेरच्या भिंतींना लागून असलेल्या वस्तूंची नोंद दुरुस्त करायची मुभा करारातच हवी. तोवर भाडेकरूने एवढं करावं: राहायला येताच अशा कपाटाचे सगळे ड्रॉवर बाहेर काढून मागची प्लाय टॉर्चने पाहायची, भिंतीवर पापुद्रे किंवा पांढरट क्षार दिसले तर तिथेच फोटो काढायचा, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तेच कोपरे पुन्हा पाहून मालकाला लेखी कळवायचं. व्हॉट्सॲप चालेल, फोन नाही.

बाकीच्या वस्तूंचं दुखणं वेगवेगळं असतं आणि ते ओळखता आलं पाहिजे. सिंकखालचं कॅबिनेट पार्टिकल बोर्डचं असेल तर सायफनच्या एका थेंबानेही वर्षा-दोन वर्षांत तळ फुगतो. मरीन प्लाय तग धरते. ट्रॉली पूर्ण बाहेर ओढून थोडा भार द्या, चॅनल खचलेली असेल तर तिरकी होते. गादीच्या शिवणीवर आणि बॉक्स बेडच्या सांध्यांत काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण आहेत, आणि ते आत येण्यापूर्वी दिसणं व नंतर दिसणं यात पेस्ट कंट्रोलचे पैसे कोणी भरायचे एवढा फरक आहे. एसीचं वय बाजूच्या स्टिकरवरच्या उत्पादन महिना-वर्षावरून कळतं. समुद्राजवळच्या इमारतीत बाहेरच्या युनिटची कॉइल खाऱ्या हवेने गंजते आणि गॅस गळतो. अशा एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरण्याचा खर्च भाडेकरूच्या माथी मारणं म्हणजे समुद्राचं बिल त्याला पाठवणं. पुण्यात दुखणं पाण्याचं. वाघोली-हिंजवडीसारख्या भागांत टँकर आणि बोअरच्या जड पाण्याने गिझरच्या एलिमेंटवर क्षाराचा थर बसतो, पाणी तापायला वेळ लागतो, शेवटी एलिमेंट जळतं. वॉशिंग मशीनचा आत येणारा जाळीदार फिल्टर चोंदतो आणि मशीन ‘पाणी नाही’ म्हणत थांबतं. यातलं काहीही भाडेकरूच्या हलगर्जीने होत नाही, आणि काहीही ‘गिझर २’ या नोंदीत मावत नाही.

यावर मालकाचा ठरलेला प्रश्न: मग पोरांनी सोफ्यावर शाई सांडली तर? तर भरपाई मिळायलाच हवी. प्रश्न किती, एवढाच. आज हिशोब असा होतो की सोफा खराब झाला, नवा ३६,००० चा येतो, तेवढे कापले. पण सोफा सहा वर्षं वापरलेला होता. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सर्वसाधारण फर्निचरचं उपयुक्त आयुष्य दहा वर्षं धरलं आहे. हॉटेलांसारख्या ठिकाणी, जिथे माणसं बदलत राहतात, तिथे आठ. भाड्याचं घर त्या दुसऱ्या प्रकाराला जवळचं, तरी मालकाला झुकतं माप देऊन दहा धरू. सहा वर्षांनी ४० टक्के उरले, म्हणजे १४,४००. सोफा पूर्ण निकामी झाला तरी कापण्याची कमाल एवढीच. आणि कापड बदलून ९,००० मध्ये भागत असेल तर ९,०००. दोन्हींत जी रक्कम कमी ती. दहा वर्षं उलटलेल्या वस्तूसाठी शून्य. गादीला याहून कमी आयुष्य धरावं, पडद्यांना त्याहून कमी. हे आकडे करार करतानाच यादीत लिहिले तर घर सोडताना घासाघीस उरत नाही, वजाबाकी उरते.

‘एवढी बिलं कोण सांभाळून ठेवतं’ असं मालक म्हणतात. पण करारनामा दोन भागांत करायची युक्ती याच मालकवर्गात चालते: एक करार जागेचा, एक ‘अमेनिटीज’चा. कारण घरभाड्यावर प्राप्तिकरात सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तर वेगळ्या फर्निचर-भाड्यावर घसारा (वस्तूची दरवर्षी घटणारी किंमत) आणि दुरुस्ती खर्च म्हणून दाखवता येते. तिथे सोफ्याची किंमत, खरेदीचं वर्ष आणि १० टक्के घसारा सगळं हाताशी असतं. कर वाचवताना आठवणारी किंमत डिपॉझिट परत करताना विसरायचं कारण नाही.

किमती यादीत आल्या की भाडेकरूला आणखी एक गोष्ट तपासता येते: फर्निचरपोटी आपण जास्त देतो आहोत का. समजा घरातलं सगळं सामान नव्याने ४,००,००० चं होतं आणि पाच वर्षं जुनं आहे. दहा वर्षांच्या हिशोबाने महिन्याची झीज साधारण ३,३००. उरलेल्या २,००,००० वर वर्षाला १० टक्के परतावा धरला तर महिना सुमारे १,७००. म्हणजे पाच हजार. त्याच इमारतीतल्या रिकाम्या फ्लॅटपेक्षा मालक बारा हजार जास्त मागत असेल, तर सात हजार कशाचे हे विचारायला हरकत नाही. फर्निचर महिन्याच्या भाड्याने देणाऱ्या कंपन्या आता मोठ्या शहरांत आहेत, तिथले दर पाहून ताडून घेता येतं. दीड-दोन वर्षांपेक्षा जास्त राहायचं असेल तर बऱ्याचदा सेमी-फर्निश्ड घेऊन बेड-फ्रिज वेगळे भाड्याने किंवा जुने विकत घेणं स्वस्त पडतं. सहा-आठ महिन्यांच्या बदलीवर आलेल्याला मात्र फुल्ली-फर्निश्डच बरं. सामान हलवण्याचा खर्च आणि मनस्ताप त्यात वाचतो.

दुरुस्तीचं कलम हा पुढचा खड्डा. ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने, मोठी मालकाने’ एवढ्यावर करार थांबतो. एसीची सर्किट पाटी किरकोळ की मोठी? केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात दुरुस्त्यांची वाटणी करणारी अनुसूची आहे, आणि तिथे निराशाच होते. रंगसफेदी, पाइप बदलणं, वायरिंग मालकाकडे ठेवलं हे ठीक. पण गिझरची दुरुस्ती, स्वयंपाकघरातल्या जोडण्या, विजेच्या उपकरणांची दुरुस्ती आणि बदल हे सगळं भाडेकरूकडे, करारात वेगळं ठरलं नसेल तर. रिकामं घर डोळ्यांपुढे ठेवून ही वाटणी केली आहे. तिथे गिझर भाडेकरू आपला आणून लावतो, मग त्याने दुरुस्त करावा. पण मालकाने बारा वर्षांपूर्वी बसवलेला, ज्याच्यासाठी दरमहा भाडं घेतलं जातं, तो गिझर फुटला तर नवा भाडेकरूने आणायचा? फर्निश्ड घर हा वेगळा प्रकार आहे हे त्या मसुद्याच्याही ध्यानात आलेलं नाही. महाराष्ट्राने तो मसुदा जसाच्या तसा उचलू नये, हे माझं मत याच कारणाने.

त्यापेक्षा रुपयांत रेघ मारावी. एका वेळेला १,००० रुपयांपर्यंतचा खर्च भाडेकरूचा, त्यावरचा मालकाचा. एसीची वर्षातून दोनदा सर्व्हिसिंग, आरओचे फिल्टर, चिमणीची सफाई, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणं ही निगा, ती भाडेकरूची, पावत्या जपून. कॉम्प्रेसर, मोटर, सर्किट पाटी, टाकी, गॅसगळती मालकाची. कळवल्यापासून सात दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरूने करून घ्यावी आणि बिल भाड्यातून वळतं करावं. आदर्श कायद्यातही असं वळतं करण्याची मुभा आहे, एका महिन्यात भाड्याच्या निम्म्यापर्यंत; ती कल्पना मात्र जरूर उचलावी.

डिपॉझिट. आदर्श कायदा राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सांगतो. मुंबईत चार-सहा महिन्यांचं मागितलं जातं आणि फर्निश्ड म्हटलं की आकडा आणखी चढतो. मालकाची भीती समजण्यासारखी आहे: माणूस घर सोडणारच नाही. पण त्या भीतीवर १९९९ च्या कायद्यात उपाय आहे. मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट भाडं भरावं लागतं, आणि ताब्यासाठी मालक थेट त्याच कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, दिवाणी कोर्टाच्या फेऱ्या नाहीत. भाडेकरूच्या अडकलेल्या सव्वा-दीड लाखांसाठी असा आखूड रस्ता नाही. त्याने वकील लावून पैशांचा दावा करायचा. बदली होऊन हैदराबादला गेलेला माणूस ४०,००० साठी मुंबईत दावा लावत नाही, आणि हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. ‘पेंटिंग आणि डीप क्लीनिंग’च्या नावाखाली महिन्याभराचं भाडं सहज कापलं जातं ते याच खात्रीवर. दोन-तीन वर्षांनी रंग उतरणारच, तो मालकाच्या घराच्या निगेचा खर्च आहे, भाडेकरूने केलेलं नुकसान नव्हे. भिंतीला केलेली छिद्रं बुजवण्याचे पैसे जरूर घ्या.

म्हणून सक्षम प्राधिकाऱ्याच्या अधिकारात डिपॉझिटचा वाद घालावा. पुरावा म्हणून किल्ली घेताना आणि देताना दोघांनी सही केलेली यादी आणि फोटो पुरेत, साक्षीपुराव्यांची लांबण लागू नये. यात मालकाचाही फायदा आहे, असं सुरुवातीला म्हटलं ते इथे. आज ज्या मालकाचं खरोखर नुकसान होतं, डिपॉझिटपेक्षा जास्त होतं, त्याच्याकडेही ‘बेड २, एसी २’ यापलीकडे दाखवायला काही नसतं. चार जणांना म्हणून दिलेल्या फ्लॅटमध्ये सात जण राहून गेले, फ्रिजचं दार लोंबतंय, इंडक्शन काचेला तडा, आणि भाडेकरू म्हणतो मी आलो तेव्हापासून असंच होतं. यादी धड नसेल तर त्याच्यापुढे मालकही हतबल असतो.

आक्षेप येईल की यादी सक्तीची केली तर एजंट सगळ्या रकान्यांत ‘ठीक’ भरून मोकळा होईल. होईलच. म्हणून रकाने असे हवेत की ‘ठीक’ भरताच येऊ नये: कंपनी, मॉडेल, खरेदीचं किंवा उत्पादनाचं वर्ष, नव्याची किंमत, आणि किमान एक फोटो. करार ऑनलाइन भरला जातो, अंगठा आणि चेहरा यंत्राने टिपला जातो. तिथे आणखी वीस फोटो चढवायची सोय करणं अवघड नाही. ‘चालू व सुस्थितीत मिळाल्या’ हे वाक्य मसुद्यातून काढून टाकावं आणि त्याऐवजी किल्ली मिळाल्यापासून सात दिवसांत पुरवणी यादी चढवायची, ओलीपुरती ३१ जुलैपर्यंत, अशी मुभा द्यावी. रिकाम्या घराला हे काहीच लागू नाही, त्यामुळे साध्या करारांवर बोजा पडत नाही. भाडी वाढतील, हाही आक्षेप असतो. घराचं भाडं परिसर आणि मागणीवर ठरतं. मालकाला पंधरा मिनिटं फोटो काढावे लागले म्हणून अंधेरीत भाडं वाढेल, हे पटत नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर यातलं बहुतेक सगळं दोघांच्या संमतीने आजच्या करारातही घालता येतं. ऑनलाइन मसुद्यात जादा कलमांची जागा असते आणि ‘सोबतची सही केलेली यादी कराराचा भाग समजावी’ एवढं एक वाक्य पुरतं. यादी किल्लीच्या दिवशी करावी, दिवसाउजेडी, वीज आणि पाणी चालू असताना. दोन्ही एसी एकदम लावून पंधरा मिनिटांनी गार हवा आणि ड्रेनचं पाणी पाहायचं, त्याच वेळी गिझर लावून एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडतो का तेही पाहायचं. वॉशिंग मशीनचं छोटं चक्र पूर्ण होऊ द्यायचं. सगळ्या शेगड्या पेटवायच्या. प्रत्येक खोलीचा दारातून एक सलग व्हिडिओ, मग प्रत्येक डागाचा जवळून फोटो, आणि हे सगळं त्याच दिवशी मालकाला ईमेलने, म्हणजे तारीख पक्की राहते. वीज मीटरचा आणि पाइप गॅस असेल तर त्याच्याही मीटरचा फोटो. मागचं बिल थकलेलं नाही ना, हे ग्राहक क्रमांक टाकून दोन मिनिटांत कळतं.

सोडताना हेच उलट क्रमाने. नोटीस दिल्यावर, निघण्याच्या दोन आठवडे आधी मालकाला एकदा घर दाखवावं. जे दुरुस्त करायचं ते आपल्या ओळखीच्या माणसाकडून निम्म्या पैशांत होतं, नंतर मालकाच्या माणसाचा भाव लागतो. किल्लीच्या दिवशी जुनी यादी समोर ठेवून वस्तू जुळवायच्या, कपातीची रक्कम तिथेच लिहून सह्या करायच्या. ‘शेवटचं लाइट बिल आल्यावर बघू’ म्हणून अख्खं डिपॉझिट महिनाभर धरून ठेवायची चाल सर्रास आहे. त्यासाठी मीटरचं रीडिंग घ्यावं, मागच्या बिलाच्या दराने युनिटांचा अंदाज काढावा, तेवढे दोन-तीन हजार मालकाकडे ठेवावेत आणि बाकीची रक्कम किल्ली देतानाच खात्यात जमा करून घ्यावी. आधी ट्रान्सफर, मग किल्ली; हा क्रम करारातच लिहिलेला असला की त्या दिवशी कुणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.